घाटाखालची मुले आणि जगाच्या भाषा

(शहापूर व मुरबाड तालुक्यांतील पदवीचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजच्या विषयाचे नाव जिभेला जड आहे. बहुभाषिक आंतरराष्ट्रीय संबंध आणि आंतरसांस्कृतिक व्यवस्थापन यांचा पदव्युत्तर अभ्यास. आसनगावच्या फलाटावर सकाळच्या लोकलची वाट पाहणाऱ्या एखाद्या पालकाच्या कानी हे नाव पडले, तर 'हे मोठ्या घरांतल्या मुलांचे काम' असे म्हणून तो गाडीच्या दिशेने पाहू लागेल. मुरबाडच्या एसटी स्थानकावरही निराळे काही घडणार नाही. कला शाखेची पदवी घेतलेल्या मुलापुढे किंवा मुलीपुढे या भागात दोन-तीनच वाटा मांडल्या जातात. बी.एड. करा, स्पर्धा परीक्षांना बसा, नाहीतर भिवंडीच्या गोदामांत काही मिळते का ते पाहा.

या अभ्यासाचे स्वरूप मात्र नावाइतके अवघड नाही. पदवीनंतर दोन वर्षे, आणि त्यात तीन गोष्टी एकत्र शिकायच्या. पहिली, दोन परकीय भाषा, त्याही कामकाज करता येईल इतक्या. दुसरी, देशादेशांतील राजकारण, व्यापार आणि कायदा. तिसरी, आपल्याहून वेगळ्या रीतीभातींच्या माणसांबरोबर काम करण्याची आणि त्यांच्याकडून काम करवून घेण्याची विद्या. फ्रान्समधील विद्यापीठांत उपयोजित परकीय भाषांची स्वतंत्र शाखाच असते. तेथे दोन भाषांबरोबर अर्थशास्त्र आणि कायदाही शिकवला जातो. भारतात या तिन्ही गोष्टी एका छपराखाली क्वचितच मिळतात. त्या जमवाव्या लागतात. कशा, ते पुढे येईलच.

तत्पूर्वी या मातीचा थोडा विचार करावा लागेल. मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याने निघाले की वैशाखरे लागते, आणि तेथून नाणेघाटाची चढण सुरू होते. पायथा मुरबाड तालुक्यात, माथा जुन्नर तालुक्यात. माथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख आहे. केलेले यज्ञ आणि दिलेल्या दक्षिणा त्यात आकड्यांनिशी नोंदल्या आहेत. जवळच तो दगडी रांजण, ज्यात जकात पडत असे अशी लोकसमजूत आहे. हा घाट म्हणजे कल्याण बंदर आणि जुन्नर यांमधला व्यापारी रस्ता. समुद्रापलीकडून आलेला माल याच वाटेने बैलांच्या पाठीवरून वर चढला.

आता जुन्नरच्या लेण्यांत जावे. तेथे यवनांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी खोदवून दिली, चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला. लेख ग्रीकमध्ये नाहीत. या भूमीच्या प्राकृतात आणि ब्राह्मीत आहेत. परक्या देशातून आलेल्या माणसाला व्यापार करायचा होता, राहायचे होते, विश्वास मिळवायचा होता. म्हणून त्याने येथल्या भाषेत नाव कोरवले आणि येथल्या रीतीने दान दिले. आज व्यवस्थापनाच्या महागड्या वर्गांत जे शिकवतात, ते त्या यवनाने कोणत्याही वर्गात न बसता केले होते. त्याच्या मालाची वाट मुरबाडच्या शिवारातून जात होती, एवढे ध्यानात असू द्यावे.

शहापूरकरांना माहुली किल्ला रोज दिसतो. १६३६ मध्ये बाल निजामशहाला घेऊन शहाजीराजे याच किल्ल्यावर होते. वेढा घालून बसले होते मोगलांचा खानजमान आणि आदिलशाहीचा रणदुल्लाखान. शेवटी तह झाला आणि शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत गेले. एका बाजूस फारसी दरबार, दुसऱ्या बाजूस विजापूरची दखनी, आणि किल्ल्यावर मराठी. तहाची बोलणी करणाऱ्याला हे सारे कळावे लागत होते. कोणता शब्द कोणत्या दरबारात मानाचा आणि कोणता अपमानाचा, हे न कळणे म्हणजे जिवाशी गाठ होती.

शिवछत्रपतींच्या राज्यात हे ज्ञान व्यवस्थेचा भाग झाले. अष्टप्रधानांत परराज्यांशी व्यवहार पाहणारे सुमंत होते. राज्यव्यवहारकोशाने सुमारे चौदाशे फारसी-दखनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, हे अभिमानाने सांगितले जाते आणि ते योग्यच आहे. मात्र त्याच दरबारात फारसी पत्रे लिहिण्यासाठी निळो प्रभू मुनशी होते, हे सहसा सांगितले जात नाही. स्वतःची भाषा राज्यकारभारात प्रतिष्ठित करणे आणि दुसऱ्याची भाषा उत्तम जाणणे, या दोन गोष्टी तेथे एकमेकींच्या आड आल्या नाहीत. पुढच्या काळात आल्या, त्याची कथा वेगळी आहे.

१६७४ च्या राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला. त्याच्या बाजूने दुभाषा होता नारायण शेणवी, म्हणजे इकडचाच माणूस. इंग्रजांनी तहाची कलमे पुढे केली. फुटलेल्या जहाजांवरील मालाच्या हक्काचे कलम महाराजांनी मान्य केले नाही, कारण ते कोकण किनाऱ्याच्या चालीविरुद्ध होते. परक्याचा कायदा समजून घ्यायचा, आपली चाल त्याला समजावून सांगायची आणि जेथे नाही म्हणायचे तेथे नाही म्हणायचे, हा आंतरराष्ट्रीय संबंधांचा पहिला धडाच होय. याच मुक्कामातली एक गंमत डॉक्टर फ्रायरच्या प्रवासवर्णनात आहे. गडावर मांस पुरवणारा म्हातारा खाटीक मुद्दाम चढून इंग्रजांना पाहायला आला. आधीच्या कित्येक वर्षांत खपले नव्हते इतके मांस या पाहुण्यांनी महिनाभरात संपवले होते, आणि असे खाणारे लोक दिसतात तरी कसे, हे त्याला पाहायचे होते.

आता शंभर वर्षे पुढे यावे. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला. पुढच्याच वर्षी राघोबादादांनी सुरतेच्या तहात साष्टी आणि वसई लिहून दिली. इंग्रजांच्या मदतीची आशा पुरी होईना, तेव्हा दादांनी थेट विलायतेला वकील धाडला. त्याचे नाव हणमंतराव. सोबत एक पारशी सहकारी. १७८१ मध्ये ही माणसे लंडनला होती. महासागर ओलांडून गेलेला पहिल्या काही मराठी वकिलांपैकी हा एक. पण त्याचे नाव शालेय पुस्तकांत कोणी वाचल्याचे ऐकिवात नाही.

लंडनमध्ये या मंडळींचे हाल झाले. राहायचे कोठे, शिजवायचे कोठे, पाणी कोणाच्या हातचे, सोवळे कसे सांभाळायचे, असे प्रश्न राजकारणाच्या आधी उभे राहिले. त्यांच्या मदतीला आला एडमंड बर्क, ब्रिटिश संसदेतील प्रख्यात वक्ता. त्याने त्यांना बीकन्सफील्ड येथील आपल्या घरी नेले आणि बागेतले काचेचे रोपगृह मोकळे करून दिले. तेथे त्यांना आपल्या रीतीप्रमाणे स्वयंपाक आणि नित्यकर्मे करता आली. दुसऱ्याच्या आचाराचा अर्थ न कळताही त्याचा मान कसा राखावा, याचे याहून चांगले उदाहरण शोधून सापडणे कठीण.

वकिलीचे फलित मात्र शून्य. १७८२ मध्ये महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला आणि दादांचा पक्षच संपला. हणमंतरावाला परतल्यावर समुद्रपर्यटनाचे प्रायश्चित्त घ्यावे लागले. ज्याने लंडनचे रस्ते, तेथली संसद, तेथल्या माणसांचे बोलणे-वागणे डोळ्यांनी पाहिले होते, त्याच्याजवळ केवढी माहिती असेल! ती नोंदवून घ्यावी, चार तरुणांना त्याच्या हाताखाली द्यावे, असे कोणाला सुचले नाही. प्रायश्चित्त तेवढे सुचले. दादांच्या राजकारणाविषयी आदर वाटण्याचे कारण नाही. पण त्या वकिलाच्या अनुभवाची किंमत न कळणे ही एकट्या दादांची चूक नव्हती.

त्याच सुमारास पलीकडे काय चालले होते? १७८६ मध्ये चार्ल्स मॅलेट पुण्याला रेसिडेंट म्हणून आला. त्याच्यानंतर आलेल्या एल्फिन्स्टनला फारसी येत होते, मराठी येत होते. मराठीचे छापील व्याकरण विल्यम कॅरीने १८०५ मध्ये बंगालमधून काढले, १८१० मध्ये कोशही काढला. पुणे दरबाराचे वकील हैदराबादला होते, दिल्लीला होते, कलकत्त्यालाही होते आणि त्यातले अनेक विलक्षण चाणाक्ष होते. लंडनला मात्र कायमचा वकील नव्हता. इंग्रजांना आपली भाषा येत होती आणि आपल्याला त्यांची येत नव्हती. १८१८ ची कारणे अनेक आहेत; इतिहासाचे अभ्यासक तोफखाना सांगतील, फितुरी सांगतील, पैसा सांगतील. त्या यादीत ही गोष्ट खालच्या क्रमांकावर लिहिली तरी चालेल, पण ती वगळता येणार नाही.

विसाव्या शतकात चित्र काहीसे पालटले. वर्ध्याकडचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे अमेरिकेत गदर चळवळीत पडले, पुढे मेक्सिकोत गेले, तेथल्या चापिंगो कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले आणि स्पॅनिश भाषेत मेक्सिकन शेतकऱ्यांना मका आणि गहू शिकवू लागले. २०२२ मध्ये चापिंगो येथे त्यांचा पुतळा उभा राहिला. विदर्भातल्या मुलाला दुसऱ्या गोलार्धातल्या शेतकऱ्याने आपला मानला, याचे रहस्य त्यांच्या बियाण्यात जितके होते तितकेच त्यांच्या स्पॅनिशमध्ये होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेला हा विषय शास्त्र म्हणून हाती घ्यावा लागला. तिचे राजदूत परदेशांत भाषा शिकूनही अपयशी ठरत होते. एडवर्ड हॉल नावाचा मानववंशशास्त्रज्ञ त्यांना शिकवण्यासाठी नेमला गेला. त्याच्या ध्यानात आले की माणसे शब्दांनी बोलतात त्याहून अधिक वेळेने, अंतराने आणि मौनाने बोलतात. १९५९ मध्ये त्याने यावर पुस्तक लिहिले आणि त्यातून ही ज्ञानशाखा वाढली. येथे जमलेल्या वडीलधाऱ्यांना हॉलसाहेबांचे म्हणणे नवे वाटणार नाही. लग्नाच्या बोलणीत मुलाकडचे 'कळवतो' म्हणाले की मध्यस्थ उपरणे सावरून उठतो. 'बघू' म्हणजे नाही, हे सांगावे लागत नाही. जपानी माणूस बैठकीत 'हाय' म्हणतो, त्याचा अर्थ 'होय' असा घेऊन अनेक परदेशी व्यापारी फसले. 'ऐकतो आहे' एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. ज्या मुलाला 'बघू'चा अर्थ कळतो, त्याला हे समजावणे सोपे आहे.

शहापूर-मुरबाडच्या मुलांची खरी शिदोरी हीच. डोळखांबकडची ठाकर मुलगी घरी ठाकरी बोलते, शाळेत पुस्तकी मराठी, बाजारात कुणबी-आगरी वळणाची मराठी, गाडीत हिंदी. वहीत इंग्रजी लिहिते. कातकरी पाड्यावरच्या मुलाचेही तेच. तालुक्याच्या कचेरीत गेल्यावर आवाज कसा बदलायचा, कोणापुढे काय बोलायचे नाही, हे त्याला वयाच्या दहाव्या वर्षीच कळलेले असते. शहरातल्या इंग्रजी शाळेतल्या मुलाला एका भाषेत सुरक्षित वाटते; या मुलाला चार बोलींमध्ये ये-जा करावी लागते. दुर्दैव असे की या ये-जेला आपण कौशल्य मानत नाही, कमीपणा मानतो. बोली पुसून टाकणे म्हणजे शिकणे, असे मुलाच्या मनावर बिंबवले जाते. आणि मग ते मूल इंग्रजीपुढे मुके होते.

अर्थात शिदोरी म्हणजे शिक्षण नव्हे. परकीय भाषेला तास लागतात. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेचा हिशेब सांगतो की जपानी, चिनी, कोरियन किंवा अरबी शिकायला त्यांच्या अधिकाऱ्याला वर्गातले सुमारे २२०० तास लागतात. हा हिशेब इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचा. मराठी मुलाला जपानीचे वाक्य ओळखीचे वाटते, कारण तेथेही क्रियापद शेवटी येते, शब्दयोगी अव्यय नामामागून येते, आणि मौज अशी की प्रश्न विचारताना वाक्याच्या टोकाला 'का' येतो! लिपी मात्र डोंगर आहे. नित्य वापरातली चिन्हेच २१३६. तात्पर्य, पदव्युत्तर वर्गात पोहोचल्यावर 'आता भाषा सुरू करू' म्हणणाऱ्याचा घाट चुकतो. बारावीच्या सुट्टीत किंवा पदवीच्या पहिल्या वर्षात सुरुवात हवी. युरोपीय भाषांत ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्या असतात; जर्मन माध्यमातून शिकायचे तर बी-२ किंवा सी-१ च्या आसपास पोहोचावे लागते. तीन महिन्यांत 'फाडफाड जर्मन' अशी पाटी दिसली तर पुढच्या गल्लीत वळावे.

शिकायचे कोठे? पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग, ज्याला जुनी माणसे रानडे इन्स्टिट्यूट म्हणतात, तेथे जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी, स्पॅनिश शिकवतात. त्याच विद्यापीठात संरक्षण व सामरिकशास्त्राचा विभाग आहे. मुंबई विद्यापीठात जर्मन, फ्रेंच, रशियनचे विभाग आहेत. वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठातही परकीय भाषा आहेत. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे नाव घेताच येथल्या काही कपाळांवर आठ्या पडतील. पण १९५५ साली सुरू झालेली आणि पुढे या विद्यापीठात विलीन झालेली आंतरराष्ट्रीय अध्ययन संस्था या विषयातली देशातली जुनी आणि मोठी संस्था आहे, शुल्क अल्प आहे, आणि भाषांची शाखा त्याच आवारात आहे. २०२२ मध्ये तेथे कुलगुरू झालेल्या शांतिश्री पंडित पुणे विद्यापीठातूनच गेल्या. आठ्या घालणाऱ्यांनी आपली मुले तेथे पाठवली नाहीत, तर तेथल्या वर्गांत दुसऱ्यांची मुले बसतील, इतकेच. प्रवेशासाठी सीयूईटी-पीजी ही परीक्षा द्यावी लागते.

आणि पोटाचे काय? हा प्रश्न पालक विचारणारच आणि विचारलाच पाहिजे. विदेश सेवेत निवड झालेल्या प्रत्येक अधिकाऱ्याला एक परकीय भाषा शिकावीच लागते. त्या परीक्षेची मुख्य उत्तरे आणि मुलाखत मराठीतून देता येतात. पण तेथल्या जागा मोजक्याच, आणि केवळ तिच्या भरवशावर आयुष्य मांडणे शहाणपणाचे नाही. उद्योगांकडे पाहावे. टाटा मोटर्सने २००४ मध्ये कोरियातील देवू कंपनीचा ट्रक बनवणारा विभाग घेतला, तेव्हा त्यांनी आपली माहितीपत्रके कोरियन भाषेत केली, माणसांना कोरियन शिकवले आणि तेथले व्यवस्थापन तेथल्याच लोकांच्या हाती ठेवले. हणमंतरावाच्या लंडनवारीशी याची तुलना करून पाहावी. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक तेथे जाणार असतील, तर त्यांच्यात आणि जर्मन मालकात उभे राहणारे, दोन्ही बाजूंचा 'बघू' ओळखणारे कोणी लागेलच. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. शहापूरच्या शिवारातून रोज धावणाऱ्या त्या मालात परदेशी कंपन्यांचा माल किती असेल, याचा अंदाज बांधायला कोणा पंडिताची गरज नाही.

त्याच महामार्गाने अनेक घरांत जमिनीचा मोबदला आणला. त्यातून बंगले झाले, गाड्या आल्या, काहींचे पैसे कोठे गेले ते त्यांनाच ठाऊक नाही. उरलेला पैसा मुलांच्या शिक्षणात घालावा, असे म्हणणे सोपे आहे; पण तेथेही डोळे उघडे हवेत. 'इंटरनॅशनल' हा शब्द पाटीवर रंगवून लाखोंचे शुल्क घेणाऱ्या आणि एकही परकीय भाषा धड न शिकवणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. एका प्रश्नाने त्यांची परीक्षा होते : दोन वर्षांनी विद्यार्थी कोणत्या भाषेची कोणती पातळी गाठतो? उत्तर न मिळाल्यास चहा पिऊन परत यावे. जर्मनीतील बहुतेक शासकीय विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही किंवा नाममात्र आहे. तथापि निर्वाहासाठी वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे दहा लाखांहून अधिक रुपये, खात्यात आधी दाखवावे लागतात. जमीन गहाण टाकून हा आकडा गाठू नये. जर्मनीची डाड, युरोपची इरास्मुस मुंडुस, जपानची मेक्स्ट अशा शिष्यवृत्त्या आहेत. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाची परदेश शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागास वर्ग यांच्यासाठी राज्य शासनाच्याही योजना आहेत. विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीच्या अटी असतात, त्या नीट वाचाव्यात. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय शहापुरातच आहे. चौकशीला मंत्रालय गाठण्याची गरज नाही.

मुलींविषयी एक शब्द. 'एवढ्या लांब एकटी कशी पाठवायची?' हा प्रश्न आईच्या तोंडून येतो आणि त्यात माया असते. पण त्याच मुलीला बाविसाव्या वर्षी पूर्णपणे अनोळखी घरात, अनोळखी रीतीभातींत एकटीच पाठवतात, आणि ती ते घर सांभाळते. नव्या घरची बोली शिकते, सासूचे मौन वाचते, दीर-नणंदांत तह घडवते. ते जमेल असा जिच्यावर भरवसा आहे, तिला पुण्याच्या वसतिगृहात दोन वर्षे जमणार नाही, असे कोणत्या आधारावर म्हणावे?

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट, कारण अर्ज बहुतेक वेळा येथेच अडतात. शाळा सोडल्याचा दाखला, दहावीची गुणपत्रिका, आधार कार्ड आणि जातीचा दाखला काढून आजच रात्री एका ओळीत मांडावेत. चारांवर आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग चार प्रकारचे असेल. वडिलांचे नाव एकावर पूर्ण, दुसऱ्यावर अर्धे असेल. जन्मतारखेत फरक असेल. आधी ते दुरुस्त करून घ्यावे. जातवैधता प्रमाणपत्राला महिने लागतात, म्हणून तो अर्ज त्याच आठवड्यात टाकावा. आणि पासपोर्ट, कोठे जायचे ठरले नसले तरी, पदवीच्या दुसऱ्या वर्षी काढून ठेवावा.